डिस्क लागली, म्हणजे चित्रपट पाहिला का?

संशोधन पद्धतीवर बोलताना आपण बहुतेक वेळा पुस्तकं, मुलाखती आणि दप्तरखान्यातले कागद यांच्याबद्दलच बोलतो. आज जरा वेगळ्या साधनाबद्दल लिहिते आहे. ते म्हणजे डीव्हीडी. ही डीव्हीडी लिनक्सवर लावता लावता माझ्या प्रबंधाचा दीड पानांचा मजकूर कायमचा गेला. तेव्हा रडू आलं होतं. आता वाटतं, बरं झालं, कारण तो मजकूर चुकीचा होता आणि मी सोडून तो कुणाच्याच लक्षात आला नसता.

चुकलेला परिच्छेद

माझा विषय आहे जुने मराठी संतपट. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तिथे दामले-फत्तेलाल यांनी १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ आणि १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ केला. अभंग चालू असताना कॅमेरा काय करतो, किती वेळ थांबतो, कधी श्रोत्यांकडे वळतो, हे मी मोजते. म्हणजे माझं सगळं काम मिनिट-सेकंदांवर उभं आहे.

या परंपरेतल्या एका चित्रपटाची डीव्हीडी मी विकत घेतली. (चित्रपटाचं नाव मुद्दाम देत नाही. दोष चित्रपटाचा नव्हता.) संदर्भग्रंथात त्याची लांबी होती १२५ मिनिटं आणि माझी डिस्क संपत होती १२० मिनिटांत. आकडे सोयीसाठी पूर्ण करून सांगते आहे, पण फरक एवढाच होता. पाच मिनिटं गेली कुठे?

इथे माझ्यातला संशोधक जागा झाला. निदान मला तसं वाटलं. जुन्या चित्रपटांबरोबर गाण्यांच्या छोट्या पुस्तिका विकल्या जायच्या. त्यातली एक मला मिळाली होती, आणि तिच्यात एका गाण्याचं एक कडवं पडद्यावरच्या गाण्यापेक्षा जास्त होतं. झालं! ‘डिस्क काढताना हा भाग कापला गेला आहे’ असं मी लिहून टाकलं. तो का कापला असेल यावरही एक परिच्छेद लिहिला. त्यात ‘बाजारपेठ’, ‘भक्तीचं सोपं रूप’ असे सगळे शब्द होते. वाचायला छान वाटत होता. गाईड मॅडमनाही आवडला.

ही डिस्क मी तोवर विद्यापीठातल्या विंडोज संगणकावर पाहिली होती. तिथे कंपनीचा प्लेअर होता. डिस्क घातली की चित्रपट सुरू, त्यामुळे मला एकही प्रश्न पडला नाही.

वडखळला आल्यावर

गणपतीत मी घरी आले. आमचं घर वडखळला, अलिबागचा फाटा फुटतो तिथून चालत दहा मिनिटं. घरी जुना डेस्कटॉप आहे आणि त्यावर भावाने उबुंटू टाकून ठेवलं आहे, कारण त्या मशीनला नवं विंडोज झेपत नाही. त्याला यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडला, डिस्क घातली. मेनू दिसला, मागे संगीतही वाजलं. ‘चित्रपट पाहा’ दाबलं आणि पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन नाचायला लागले. मग तेही थांबलं.

पुढचे दोन दिवस मी काय काय केलं ते क्रमाने सांगते. हा भाग नुसता तांत्रिक समजून सोडून देऊ नका, कारण माझी चूक इथेच सापडली.

पहिला संशय ड्राइव्हवर घेतला. डीव्हीडीसाठी जगाचे प्रदेश पाडलेले आहेत. अमेरिका १, भारत ५. ड्राइव्हमध्येही प्रदेश नोंदलेला असतो आणि तो फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्या वेळी जो राहिला तो राहिला, संगणक बदला नाहीतर यंत्रणा बदला. म्हणून घाईघाईत प्रदेश बदलत बसू नका, आधी डिस्कचं वेष्टन वाचा. माझ्या वेष्टनावर पृथ्वीगोलाच्या चित्रात ‘ऑल’ लिहिलं होतं, म्हणजे सगळ्या प्रदेशांत चालणारी डिस्क. ते वाचायच्या आधी माझा अर्धा दिवस गेला होता.

दुसरी गोष्ट कुलूप. बाजारातल्या बऱ्याच डीव्हीडींवर सीएसएस नावाची कुलूपबंद व्यवस्था असते. ती १९९६ मध्ये आली. चित्रपटाचा मजकूर विस्कटून लिहिलेला असतो आणि तो नीट लावायची किल्ली डिस्कच्या एका कोपऱ्यात, तीही पुन्हा बंद करून ठेवलेली असते. ती उघडायची किल्ली परवाना घेतलेल्या प्लेअर कंपन्यांकडे. मेनूचा भाग अनेकदा मोकळाच असतो. म्हणून माझ्याकडे मेनू दिसला आणि चित्रपटाच्या जागी चौकोन नाचले.

मुक्त सॉफ्टवेअरची इथे खरी अडचण होते. ज्या प्रोग्रामचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो, त्यात गुपित किल्ली ठेवणार कशी? १९९९ मध्ये हे कुलूप उघडणारा डीसीएसएस नावाचा प्रोग्राम बाहेर आला. त्यामागे जॉन लेक योहान्सन हा नॉर्वेचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. लिनक्सवर डीव्हीडी पाहता यावी म्हणून हे केलं, अशी त्याची बाजू होती. त्याच्यावर खटला चालला, आणि २००३ मध्ये आधी खालच्या व मग वरच्या न्यायालयात तो निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली डिस्क पाहणं म्हणजे चोरी नव्हे, हा त्यातला मुद्दा होता. किल्ली फक्त ४० बिटांची आणि रचनाही कच्ची, त्यामुळे पुढे किल्ल्यांची चोरलेली यादी न बाळगताही कुलूप उघडता येऊ लागलं. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलेल्या व्हीएलसी प्लेअरची मंडळी ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ ही जी लायब्ररी देतात, ती हेच काम करते.

उबुंटू ही लायब्ररी सोबत देत नाही. तिच्या भांडारात ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ नावाचं एक पॅकेज असतं. त्यात लायब्ररी नसते, ती आणून देणारा निरोप्या असतो. तो तुमच्याच संगणकावर मूळ कोड उतरवून घेतो आणि तिथेच बांधतो. पण नुसतं इन्स्टॉल करून तो कामाला लागेलच असं नाही. नंतर टर्मिनलमध्ये त्याच पॅकेजला ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ ही आज्ञा द्यावी लागते. माझी ही दुसरी पायरी राहिली होती. (लिनक्स अजिबात माहीत नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून धडे आहेत, तिथून सुरुवात करा.)

संध्याकाळी एकदाचा चित्रपट लागला. आरतीची वेळ होती, म्हणून शेजारचे आबा आले होते. आबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. अभंग ऐकून ते पेटी घेऊन बसले, दोन-तीन पट्ट्या धरून पाहिल्या आणि म्हणाले, “सूर पेटीत बसत नाय गो. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठंतरी लटकतोय.” मी म्हटलं, जुनं रेकॉर्डिंग आहे आबा, असायचंच. आणि विषय सोडून दिला.

पंचवीस आणि चोवीस

दुसऱ्या दिवशी, आता एवढं केलंच आहे तर, म्हणून व्हीएलसीच्या साधनांमधली कोडेकची माहिती उघडली. चित्र ७२० गुणिले ५७६. सेकंदाला फ्रेम २५.

पंचवीस?

बोलपट चित्रित होतात सेकंदाला २४ फ्रेमने. टीव्हीच्या पाल पद्धतीत मात्र सेकंदाला २५ फ्रेम लागतात. मग चित्रपट पालवर उतरवताना एक सोपी युक्ती करतात: २४ च्या जागी २५ फ्रेम पळवतात. डोळ्याला काही कळत नाही, पण चित्रपट सुमारे चार टक्के लवकर संपतो. १२५ ला २४ ने गुणा आणि २५ ने भागा. १२०.

माझी पाच मिनिटं कुणीही कापली नव्हती. ती सगळ्या चित्रपटभर, दर मिनिटाला अडीच सेकंदांच्या आसपास, वाटून गेली होती.

आवाजही त्याच प्रमाणात चढतो, अर्ध्या सुराच्या साधारण सत्तर टक्के. आबांची पेटी सांगत होती ते हेच असावं. पण इथेही जपून. मूळ रेकॉर्डिंगचा वेग, पेटीचं ट्यूनिंग, अशी दहा कारणं असू शकतात. पेटीवरून शंका घ्यावी, निकाल देऊ नये. मी वेग ०.९६ करून पाहिला. (व्हीएलसी अशा वेळी सूर आपोआप सांभाळून घेतो. ती सोय बंद केली तरच सूर उतरतो.) सूर काळ्या पट्टीच्या जवळ आला, आबा खूष झाले. पण माझं समाधान झालं ते महिन्याभराने, याच चित्रपटाची एनटीएससी पद्धतीची डिस्क एका ओळखीच्या काकांकडे मिळाली तेव्हा. तिची लांबी १२५ मिनिटं. दोन्ही शेजारी ठेवून प्रसंग मिळवले. एकही प्रसंग कमी नव्हता. पुस्तिकेतलं जास्तीचं कडवं तिथेही नव्हतं. ते बहुधा छापलं गेलं आणि चित्रपटात आलंच नाही.

एनटीएससी म्हणजे ‘खरी’ प्रत असंही समजू नका. तिथे २४ च्या जवळपास ३० फ्रेम करायच्या असतात, म्हणून फ्रेमचे अर्धे-अर्धे भाग पुन्हा वापरतात. वेळ जवळजवळ बरोबर राहते, पण दर पाच फ्रेमपैकी दोन फ्रेम सरमिसळ होतात, आणि थांबवून पाहिलं की कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. शॉट नेमका कुठे बदलला हे फ्रेम मोजून सांगायचं असेल तर ही प्रत फसवते. एक डिस्क वेळेला खोटी, दुसरी फ्रेमला.

मग टीका कशावर?

डिस्क काढणाऱ्यावर टीका करणं सोपं आहे, आणि काही अंशी रास्तही. वेष्टनावर गाण्यांची यादी असते, नायक-नायिकांचे फोटो असतात. मूळ लांबी किती, कोणत्या प्रिंटवरून उतरवलं, वेग बदलला का, यातलं काही नसतं. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीवर ‘दुसरी आवृत्ती’ छापतात. डिस्क हीसुद्धा चित्रपटाची एक आवृत्तीच, पण ती स्वतःला चित्रपट म्हणवते.

पण माझी मोठी तक्रार त्या विद्यापीठातल्या सोप्या प्लेअरबद्दल आहे. त्याने काही चुकीचं केलं नाही. त्याने प्रदेश तपासला, किल्ली लावली, चित्र उलगडलं, रेषा पुसल्या, आणि हे सगळं मला न सांगता केलं. प्रेक्षक म्हणून मला तेच हवं असतं. संशोधक म्हणून मात्र माझ्या आणि साधनाच्या मध्ये चार हात फिरले आणि मला एकाचाही पत्ता नाही. लिनक्सवर हेच चार हात चार वेगळ्या पॅकेजांचे असतात. एकेक करून ते अडतात, आणि अडताना आपलं नाव सांगतात. त्या दोन दिवसांच्या मनस्तापात मला साधनाची जी ओळख झाली, ती वर्षभरच्या सुरळीत पाहण्यात झाली नव्हती.

याचा अर्थ मुक्त सॉफ्टवेअरची आरती ओवाळायची असा नाही. कुलूप लागलेलं आहे हे उबुंटूने मला पहिल्या पडद्यावर साध्या शब्दांत सांगितलं असतं तर माझा दीड दिवस वाचला असता. कायद्याच्या भीतीने वितरक गप्प बसतात, आणि ‘तुमचं तुम्ही बांधा’ म्हणून जबाबदारी वापरणाऱ्याच्या अंगावर टाकतात. ज्याच्या घरी इंटरनेट धड नाही, त्याच्यासाठी हा निरोप्या फाटकापाशीच थांबतो. चित्र उलगडणाऱ्या एमपेग-२ पद्धतीवरही पेटंटं होती. अमेरिकेतली शेवटची २०१८ मध्ये संपली, तेव्हा कुठे तो एक अडसर गेला.

आणि थोडी टीका आपल्यावर. आपल्या संदर्भसूचीच्या नियमांत संकेतस्थळ ‘कधी पाहिलं’ ती तारीख मागतात. चित्रपटाचं मात्र नाव, दिग्दर्शक, वर्ष, संपलं. १९३६ लिहून आपण मोकळे होतो, जणू आपण १९३६ मध्ये थिएटरात बसलो होतो.

“आता डिस्क कोण बघतं, यूट्यूबवर आहे की” असं म्हणणाऱ्यांना एकच विचारते: यूट्यूबवर ते आलं कुठून? अनेकदा अशाच एखाद्या डिस्कवरून. म्हणजे आधीचे चार हात तसेच राहिले, वर पाचवा आला, आणि वाचायला वेष्टनही उरलं नाही.

व्हीसीडीची गंमत

काकांच्या त्याच पेटाऱ्यात व्हीसीडीही निघाल्या. मराठी चित्रपट, नाटकं, आगरी-कोळी गाणी. लहानपणी आम्ही सगळं यावरच पाहिलं. व्हीसीडीला कुलूप नसतं, तरी लिनक्सवर फाइल उचलून कॉपी करायला गेलं की ‘इनपुट-आउटपुट’ची चूक येते आणि आपल्याला वाटतं डिस्क खराब झाली. तसं नसतं. व्हीसीडीत व्हिडिओ लिहिताना दुरुस्तीसाठीची जास्तीची माहिती गाळून तिथेही चित्रच भरलेलं असतं. साध्या फाइलीसारखं वाचायला गेलं की संगणक गोंधळतो. व्हीएलसीत ‘डिस्क उघडा’मध्ये व्हीसीडी निवडली, की तीच डिस्क मुकाट चालते. या कारणाने टाकून दिलेल्या व्हीसीडी मी पाहिल्या आहेत. कृपा करून टाकू नका. स्थानिक गाण्यांच्या अशा कित्येक डिस्कची दुसरी प्रत कुठल्या ग्रंथालयात मिळेल, या भरवशावर राहू नका.

आणखी एक. एका व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणून चित्रपट दोन डिस्कवर. पहिली संपायची तिथे आमच्या घरी मध्यंतर व्हायचं, चहा व्हायचा. एका चित्रपटाचं मध्यंतर मी मुलाखतीत तीन जणांना विचारलं तर तिघांनी एकच जागा सांगितली. ती जागा होती पहिली डिस्क संपण्याची. माणसाच्या आठवणीलाही माध्यमाचा आकार येतो. मुलाखती घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कायद्याचं काय?

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारतात. मी वकील नाही, तुमच्या गाईडशी आणि ग्रंथपालांशी बोला. पण कायदा स्वतः वाचायला हरकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ संशोधनासह खाजगी वापराला आणि समीक्षेला रास्त मर्यादेत मुभा देतं. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या इराद्याने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पण कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडण्याला तेच कलम मोकळीक देतं. अमेरिकेत अशी सूट दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते. आपल्याकडे ती कायद्यातच लिहिलेली आहे, आणि तरी आपणच जास्त घाबरतो.

मात्र त्यात एक अट आहे. दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने त्याचं नाव, पत्ता आणि हेतू यांची नोंद ठेवायची. म्हणजे भावाने माझ्यासाठी ती आज्ञा दिली असती तर त्याने वहीत लिहायला हवं: ताई, राहणार वडखळ, हेतू संतपट. हसू येतं. पण मदत करणाऱ्या ग्रंथपालाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा, तो “नको बाई” का म्हणतो ते कळेल. संशोधकाला दिलेली मोकळीक मदतनिसावरच्या ओझ्यामुळे कागदावरच राहते.

चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, हेही ध्यानात असू द्या. त्या हिशोबाने १९३६ च्या चित्रपटाची मुदत १९९६ अखेर संपली. मुदत संपली तरी डिस्कवरचं कुलूप आपोआप गळून पडत नाही. त्याला तारीख कळत नाही.

आता मी काय करते

प्रत्येक चित्रपटासाठी वहीचं एक पान. त्यावर: डिस्क कुठून आली, वेष्टनावर काय छापलंय, पाल की एनटीएससी, सेकंदाला फ्रेम किती, प्रत्यक्ष लांबी आणि ग्रंथातली लांबी, जुन्या चित्राची चौकट जवळजवळ चौरस असते, ती डिस्कवर वरून-खालून कापली आहे का, कोणता प्लेअर, कोणती आवृत्ती. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. पाल प्रतीवरचा प्रत्येक कालावधी २५ ने गुणून २४ ने भागून लिहिते, आणि तसं केल्याचं तळटीपेत सांगते. लांबीत चार टक्के फरक दिसला की ‘कापलं’ हा शब्द लिहायच्या आधी गुणाकार करते.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, “वाईट याचं वाटतं की लिहिलाय चांगला.” मग लाल पेनाने त्यावर तिरकी रेघ मारली. ते पान मी जपून ठेवलंय. पुढच्या वेळी एखादा पुरावा माझ्या म्हणण्याशी जरा जास्तच चपखल जुळायला लागला की काढून बघते.